आपण म्हणाल तसं

"हे बघ आत्या, खरा प्रश्न एकच येणार आहे," वकील म्हणाला. "बाकीचे सगळे हवापाण्याचे. त्या एका प्रश्नाला तू म्हणायचं, आठवत नाही. विषय संपला."

आत्या कटिंगच्या टेबलाशी बसून एका जुन्या कोटाची बटणं काढत होती. ऐंशी ओलांडूनही तिला बराच काळ झाला होता. गुडघे संपावर गेले होते, पण सुईत दोरा ओवायला अजून कुणाची मदत लागत नव्हती. मान वर न करता ती म्हणाली, "कोण म्हणतं मला आठवत नाही?"

"कुणी म्हणत नाही. तू म्हणायचंस."

"भाऊने चर्चमध्ये पहिली मिस्सा म्हटली तेव्हा कुणाची चप्पल हरवली होती तेसुद्धा आठवतं मला."

"आठवू दे ना चप्पल! चपलेबद्दल कोण विचारतंय?"

भाऊ म्हणजे फादरकाका. आत्याचा थोरला भाऊ, आणि वकील नि हे दुकान चालवणारा मास्टर या दोघा भावांचा काका. शिंप्याच्या घरात जन्मून तो फादर झाला, जन्मभर एकाच चर्चमध्ये राहिला आणि चर्चमागच्या शेडमध्ये त्याने क्षयाचे रोगी सांभाळले. आत्याने लग्न केलं नाही. ती त्याचं घर आणि तो वॉर्ड बघत राहिली. तो गेला, पण त्याच्या कबरीवर मेणबत्त्या लावायचं लोकांनी काही थांबवलं नाही, आणि शेवटी त्याला संतपद द्यावं का, याची रीतसर चौकशी सुरू झाली. संतपद एका दमात मिळत नाही. आधी माणूस खरोखर तेवढा मोठा होता हे ठरावं लागतं. ते ठरलं की पोपसाहेब त्याला 'पूजनीय' जाहीर करतात, आणि मग पुढच्या पायऱ्या. श्रद्धा, दया, नम्रता, आज्ञापालन असा एकेक गुण घासून बघतात. फादरकाका सगळ्यांत पास होत आले होते. घोडं अडलं ते आज्ञापालनापाशी.

अडवलं होतं जुन्या बिशपसाहेबांच्या सेक्रेटरीने. बिशपसाहेब जाऊन जमाना झाला, पण सेक्रेटरी खणखणीत होता. त्याने साक्षीत सांगितलं होतं, आणि चर्चच्या पायऱ्यांवर भेटेल त्यालाही सांगत होता, की बिशपसाहेब वॉर्ड बंद करायला आले त्या दिवशी फादर त्यांच्यावर 'अरे, तू बस आधी' असं ओरडले, दंडाला धरून त्यांना चादरींच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. बिशपना अरे-तुरे! आणि वॉर्ड काही बंद झाला नाही तो नाहीच. आज्ञा मोडली, वर आज्ञा देणाऱ्याला कोंडलं, असा सगळा हिशेब होता.

"आत्याला खोटं शिकवायचं असेल तर आपण आपल्या ऑफिसात न्यावं तिला," दुकानाच्या दुसऱ्या टोकाकडून मास्टर म्हणाला. गळ्यात टेप, हातात खडू, नजर कापडावर. "हे शिंप्याचं दुकान आहे. इथं फक्त तारखा खोट्या असतात."

"आपण कापड कापा," वकील म्हणाला. "कायद्यातलं आपल्याला काय कळतं?"

बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर म्हटलं असतं, काय सुसंस्कृत भाऊ आहेत! पण या घराची रीतच उलटी. प्रेम आहे तोवर अरे, तुरे, गाढवा, टोणग्या. डोकं फिरलं की 'आपण'. दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव आधी, यावरून हे दोघे भांडले तेव्हापासून एकमेकांना 'आपण'शिवाय बोलले नव्हते. मास्टरची बायको, म्हणजे धाकटी, नवी नवरी होऊन आली तेव्हा सासऱ्यांनी तिला आठवडाभर 'आपण' म्हटलं होतं, आणि ती माहेरी जाऊन मोठ्या कौतुकाने सांगून आली होती. नंतर कळलं की तिच्या हातून गिऱ्हाइकाच्या कोटावर इस्त्रीचा डाग पडला होता.

आज मात्र धाकटी चक्क दिराच्या बाजूने होती. आत्याची इस्त्री केलेली साडी हातावर घेऊन ती जिन्यावरून खाली आली आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "दादा म्हणतात त्यात काय चुकलं? आत्याबाई, अहो, कबरीपाशी बायका रांग लावतात. एवढं सगळं जमून आलंय. एका शब्दापायी बंद पडलं तर?"

"तूसुद्धा?" मास्टर म्हणाला.

"मीसुद्धा काय? यांना विचारा ना यांना काय हवंय!"

आत्याचा हात बटणावर थांबला. तिला काय हवंय हे धाकटीला बरोबर ठाऊक होतं. स्वतःसाठी आत्याने कधीच काही मागितलं नव्हतं. पण भरल्या चर्चमध्ये भाऊचं नाव मोठ्यांदा वाचलं जावं आणि ते ऐकायला ती जिवंत असावी, एवढं तिला हवं होतं. रोज झोपण्यापूर्वी ती देवाशी याच विषयावर हुज्जत घालायची. गुडघे घे म्हणायची, डोळे घे, पण तोवर कान ठेव.

आणि त्या दाराआड काय झालं ते तिला ठाऊक होतं. तिघांनाच ठाऊक होतं ते. त्यातले दोघे केव्हाच मातीत गेले होते आणि तिसरीने शब्द दिला होता. भाऊला. कुणाला सांगणार नाही म्हणून. तेव्हा भाऊ बिशपना 'तू' म्हणाला का, याला हो म्हणावं तर तो उद्धट ठरणार. नाही म्हणावं तर बायबलवर हात ठेवून खोटं बोलायचं. आणि सगळं सांगून टाकावं तर शब्द मोडायचा. रात्रंदिवस तिने हे उलटसुलट करून पाहिलं होतं. कापड कुठूनही धरलं तरी कमीच पडत होतं.

"दोघे या आता," ती वकिलाला म्हणाली.

"कोण दोघे?"

"म्हणजे आपण दोघं भाऊ. आपण वर जाऊन बसावं. चौकशीचे फादर येतील इतक्यात."

वकिलाचा चेहरा पडला. आत्याने त्याला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा 'आपण' म्हटलं होतं.

*

साक्ष एकटीची आणि गुप्त असते. घरच्यांनी त्या वेळी जवळपास फिरकायचं नाही, असं आधीच बजावलं होतं. आत्याला चर्चपर्यंत चालवत नाही म्हणून चौकशीचे फादर दुकानात येणार होते. मास्टरने सकाळपासून शटर अर्धं ओढून ठेवलं होतं, मशीनवर कापड झाकलं होतं, जमिनीवरच्या चिंध्या गोळा केल्या होत्या.

धाकटी वर गेली. मास्टरही जिन्याच्या चार पायऱ्या चढला आणि त्याने सहज मागे वळून पाहिलं. वकील दिसेना. मग ट्रायल रूमचा पडदा हलला.

मास्टर तडक खाली आला आणि पडद्यात डोकं घातलं. "आपण बाहेर या."

"आपण जा," आतून वकील कुजबुजला. "मी इथं थांबतो. ती चुकली की खोकेन. तिला कळेल."

"आपल्याला लाज वाटत नाही?"

"लाज नंतर. आधी—"

शटर वर सरकल्याचा आवाज आला. चौकशीचे फादर आणि त्यांचे लेखनिक दारात उभे होते. आता बाहेर निघावं तर काय सांगणार? मास्टर आत शिरला आणि पडदा ओढला गेला.

ट्रायल रूम एका माणसाची. त्यातही समोर आरसा, त्यामुळे दोघांना एकूण चार जणांचं तोंड बघावं लागत होतं. वकिलाचं पोट सुटलं होतं, मास्टरच्या खिशात कात्री होती.

"आपला कोपर माझ्या बरगडीत आहे," वकील ओठांतल्या ओठांत म्हणाला.

"आपली बरगडी माझ्या ट्रायल रूममध्ये आहे."

बाहेर आत्याने शपथ घेतली. फादरांचा आवाज मऊ, तरुण होता. पहिले प्रश्न सोपे निघाले. भाऊ लहानपणी कसा होता, वडिलांकडे शिवण शिकला का, फादर व्हायचं कधी ठरवलं. आत्या मोकळेपणी बोलत होती. तो शिवायचा वाईट, असं तिने ठासून सांगितलं. त्याने शिवलेल्या पायजम्याची पुढची बाजू कुठली नि मागची कुठली ते कुणालाच कळायचं नाही, आणि तो फादर झाला याचा सगळ्यात जास्त आनंद गिऱ्हाइकांना झाला. लेखनिक हसले. पडद्यामागे वकिलानेही हसू दाबलं.

मग फादरांनी विचारलं, "काही वाईट सवयी? मद्य? कुणा बाईशी—"

"आपण काय विचारताय?" आत्या म्हणाली.

पडद्याआड दोघांनी आरशात एकमेकांकडे पाहिलं.

"मेलो," वकील पुटपुटला. "त्यांना आपण म्हणतेय."

"असे प्रश्न सगळ्यांना विचारावेच लागतात, आजी," बाहेर फादर म्हणाले.

"हो का? आपण विचारा ना. आपला अधिकारच आहे."

"किती आदराने बोलता आजी तुम्ही," फादर म्हणाले, आणि मास्टरने डोळे मिटून घेतले.

*

आत्याला राग आला होता, पण तो फार वेळ टिकला नाही. समोरचा पोरगा प्रामाणिक दिसत होता. त्याच्या बाहीचा काठ उसवला होता आणि त्याने तो स्वतःच, वेड्यावाकड्या टाक्यांनी शिवला होता. भाऊसारखाच शिवत होता मेला.

"आता एक अवघड प्रश्न," तो म्हणाला. "बिशपसाहेब वॉर्ड बघायला आले तेव्हा तुम्ही तिथं होतात?"

"वॉर्डाला लागून चादरींची खोली होती, तिथं. दार उघडं ठेवून घड्या घालत होते."

"फादर त्यांना 'तू' म्हणाले?"

आत्याने खोलीभर नजर फिरवली. झाकलेलं मशीन, टांगलेले कोट, टेबलावरची बटणं. आठवत नाही म्हटलं की सुटका. फादरही मान डोलावतील, म्हातारी आहे, चालायचंच म्हणतील. भाऊचं नाव वाचलं जाईल. ती ऐकेल.

"म्हणाला," ती म्हणाली. "'अरे, तू बस आधी.' हेच शब्द. सेक्रेटरी खोटं बोलले नाहीत."

लेखनिकांचं पेन चालू लागलं. पडद्यामागून काहीतरी खोकल्यासारखं ऐकू आलं, तिकडे तिने लक्ष दिलं नाही.

"म्हणजे बिशपसाहेबांचा अपमान—"

"तसं नाही, बाळा. भाऊने अपमान केला तो आधी. बाहेर, वॉर्डात. तेव्हा तो त्यांना म्हणाला, 'आपण म्हणाल तसं. आपण सांगा, उद्या वॉर्ड बंद करतो.' तो अपमान."

फादर गोंधळले. "पण ते तर आज्ञापालन झालं."

"आज्ञा पाळणार होताच तो. बिछाने हलवायला गाडी सांगून ठेवली होती. पण राग अस्सा होता! आमच्या घरात राग आला की 'आपण' म्हणतात."

फादर क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे कान लाल झाले. "आजी, मघाशी तुम्ही मला..."

"हो," आत्या म्हणाली. "पण ते गेलं आता."

फादर खो खो हसले. लेखनिकांनी हळूच विचारलं, "हे लिहू का?" आणि फादर म्हणाले, "लिहा, लिहा. हे तर लिहाच." मग ते पुढे झुकले. "मग राग असताना 'आपण', आणि त्यानंतर लगेच 'तू'? मधे काय झालं, आजी? दाराआड काय झालं?"

आत्याने कोट पुन्हा मांडीवर ओढला.

"ते सांगता यायचं नाही. भाऊला शब्द दिलाय मी."

"मी तुमच्यावर जबरदस्ती करणार नाही," फादर म्हणाले. "पण एवढं सांगतो. हे कोडं असंच राहिलं तर माझ्या हातात सेक्रेटरींचीच साक्ष उरते."

आत्याने विचारलं, "तुम्ही हे सगळं कशासाठी करताय? तो देवापाशी आहे का, ते ठरवायलाच ना?"

"हो."

"देवापाशी असेल तर मी बोलतेय ते त्याला ऐकू येत असणार."

"आमची श्रद्धा तीच आहे."

"आणि नसेलच देवापाशी, तर मग हा खटाटोप तरी कशाला?" आत्याने कोट बाजूला सारला आणि छताकडे, म्हणजे पंख्याच्या जरा वर, बघून मोठ्यांदा म्हणाली, "भाऊ, ऐक. मी सांगणार आहे. तुला नको असेल तर आत्ता थांबव मला. दिवा घालव, पंखा बंद कर, मला आकडी आण, काय हवं ते कर. मी थांबते."

आणि ती खरोखरच थांबली. फादर थांबले. लेखनिकांनी पेन उचलून धरलं. पंखा फिरत राहिला. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आ... आक् छी!"

लेखनिक दचकून उभेच राहिले. आत्या जराही हलली नाही.

"तो भाऊ नव्हे," ती म्हणाली. "ती आमच्या वकिलाची सर्दी आहे."

फादरांनी जाऊन पडदा ओढला. आत दोन पोक्त पुरुष एकमेकांना चिकटून उभे होते. वकिलाच्या काळ्या कोटावर पांढऱ्या खडूचा पंजा उठला होता.

"अरे, मी तुला म्हणत होतो, नाक दाब!" मास्टर म्हणाला.

"अरे, हात कुठे मोकळा होता माझा? तू कात्री काढ ना आधी माझ्या पोटातून!"

दोघे जे बोलले ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. आत्याच्या मात्र आलं. जिन्यावर उभं राहून सगळं ऐकणाऱ्या धाकटीच्याही आलं, आणि ती तोंडाला पदर लावून तिथेच खाली बसली.

फादरांनी तिघांनाही ओळीने उभं केलं. ऐकलेलं सगळं गुप्त ठेवण्याची शपथ घ्यायला लावली आणि वर पिटाळलं. वकिलाने आयुष्यात इतक्या मुकाट्याने कुठली शपथ घेतली नव्हती. जाताना त्याने आत्याकडे पाहिलं. "आत्या, चुकलो."

"जा, गाढवा," आत्या म्हणाली, आणि वकिलाला एकदम हायसं वाटलं.

मग तिने फादरांना सांगितलं.

बिशपसाहेब वॉर्डाच्या शेवटच्या खाटेपाशी पोचले होते. तिथे एक बाई होती, तरुण. तिचा मुलगा दाराबाहेर उभा राहून तिला बघत होता, कारण आत यायची त्याला मनाई होती. बाई त्याला खुणेने विचारत होती, डबा खाल्लास का? बिशपसाहेबांनी त्या मुलाकडे पाहिलं आणि खाटेचा दांडा घट्ट धरला. तोंड पांढरं पडलं. सगळे तिथे होते, डॉक्टर, नगरातली मोठी माणसं, आणि सेक्रेटरी सगळ्यांच्या मागे, तोंड न दिसणाऱ्या जागी. पण इतक्या मोठ्या माणसाला हात कुणी लावायचा? 'साहेब, साहेब' म्हणत सगळे नुसतेच उभे. तेव्हा भाऊने त्यांचा दंड धरला. राग कुठल्या कुठे गेला होता त्याचा. अरे, तू बस आधी, म्हणाला, आणि त्यांना चादरींच्या खोलीत आणून दार लावून घेतलं.

"चादरींच्या ढिगावर डोकं ठेवून रडले ते," आत्या म्हणाली. "लहान मुलासारखे. त्यांची आई याच रोगाने गेली होती. त्यांनाही तिने दारातूनच खुणा केल्या होत्या. भाऊ नुसता पाठीवर हात फिरवत बसला. 'रड रे,' म्हणाला, 'कुणी नाही इथं.' मी होते, पण मी घड्या घालत राहिले. मग साहेब म्हणाले, 'आई गेल्यापासून मला कुणी तू म्हटलं नव्हतं.'"

फादरांनी खुर्ची जवळ ओढली.

"तोंड धुऊन ते बाहेर गेले. त्या मुलाला हाताला धरून त्यांनी खाटेपाशी नेलं आणि आईजवळ बसवलं. वॉर्ड बंद करायचं परत कुणी काढलं नाही. भाऊने गाडी परत पाठवली. आणि मला म्हणाला, तो रडला हे कुणाला कळता कामा नये. लोक मग त्याला बिशप म्हणायचे नाहीत, बिचारा म्हणतील." आत्याने पदराने डोळे टिपले. "आता अपमान झाला असेल तर तुम्ही ठरवा. आपण रोज प्रार्थनेत देवाला तू म्हणतो. बिशपसाहेब देवाहून मोठे नव्हते ना?"

लेखनिकांचं पेन कधीच थांबलं होतं. फादरांनी त्यांना लिहायची आठवण केली, पण त्यांना स्वतःलाच चष्मा काढून पुसावा लागला.

"आजी," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही बहीण. एकट्या बहिणीच्या शब्दावर कुणी इतकं मोठं काही ठरवत नाही. पण तुम्ही सांगता तो दिवस, ती वेळ, ते शब्द, ते लागलेलं दार, हे सगळं तुमच्या भावाविरुद्ध साक्ष देणाऱ्या माणसाने आधीच शपथेवर सांगून ठेवलंय. तो बाहेर होता. तुम्ही आत."

"मग?"

"मग काय! याहून पक्का पुरावा मी अजून पाहिला नाही."

*

पोपसाहेबांचा कागद वाचून जाहीर करायच्या दिवशी धाकटीने आत्याला चर्चमध्ये आणलं, ते खुर्चीतून. एका बाजूला वकील, एका बाजूला मास्टर, आणि दोघांचं वाटभर चाललेलं, "अरे उचल ना नीट, मेंगळटा!" "तू आधी पोट आत घे!" लोक वळून बघत होते. धाकटीला मुळीच लाज वाटली नाही. दुकानाला नवी पाटी लागली होती. तिच्यावर दोघांचंही नाव नव्हतं, नुसतं 'शिंपी' एवढंच होतं, आणि ती तिचीच कल्पना होती.

चर्चच्या दाराशी सेक्रेटरी उभा होता. काठी टेकून, एकटाच, आत जावं की न जावं अशा बेताने. आत्याने खुर्ची थांबवायला सांगितली.

"मी खोटं सांगितलं नव्हतं, बाई," तो म्हणाला. "ऐकलं तेच सांगितलं."

"म्हणून तर सगळं झालं. तुम्ही काही सांगितलं नसतं तर मला कुणी विचारलंही नसतं."

"मग आत झालं तरी काय होतं?"

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. वकील, मास्टर आणि धाकटी तिघांनीही कान टवकारले.

"साहेब दमले होते," ती म्हणाली. "बसले जरा."

सेक्रेटरी खुर्चीमागोमाग आत आला. मग आत्याने वकिलाला त्याची पुढच्या बाकावरची जागा सोडायला लावली आणि सेक्रेटरीला स्वतःच्या शेजारी बसवलं. वकील खांबाला टेकून उभा राहिला.

नव्या बिशपसाहेबांनी वेदीपाशी उभं राहून वाचायला सुरुवात केली. लांबलचक वाक्यं, वेलांट्यांची भाषा. आत्याला त्यातलं निम्मं कळलं नाही. मग भाऊचं नाव आलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मोठ्यांदा, खांबाखांबांवर आपटत गेलेलं. आणि त्याच्यापुढे 'पूजनीय'. देवाने कान ठेवले होते. तिचं एकही अक्षर हुकलं नाही.

तिने रडू आवरायचा प्रयत्नही केला नाही.

बिशपसाहेब कागद मिटून म्हणाले, "आता एक कागदात नसलेलं. ज्यांनी चर्चमागच्या त्या शेडमध्ये दिवस काढलेत, त्यांनी उभं राहावं. ज्यांचे आईवडील तिथं होते त्यांनीही."

आधी कुणीच हललं नाही. मग मागे एक बाक करकरला. एक म्हातारा उठला. त्याच्या पुढची बाई उठली, तिच्याबरोबर तिची मोठी झालेली मुलं, त्यांच्या कडेवरची पोरं. डावीकडे अख्खा बाक उठला. आत्याने मान वळवली. ह्याला रक्त पडायचं. हिला औषध गिळवायला दोघं लागायचे. हा पळून गेला होता आणि भाऊने त्याला बसस्टँडवरून कान धरून परत आणलं होतं. काहींना ती ओळखत होती, बाकीच्यांना ओळखणं शक्यच नव्हतं, कारण ती माणसं त्यानंतर जन्मली होती. शेवटी बसलेलं कुणी शोधावं लागलं असतं, एवढे लोक उभे राहिले. घंटा वाजायला लागली आणि चर्चमध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात हे सगळे एकदमच विसरले.

सेक्रेटरी काठीच्या आधाराने उठला, मागे वळला आणि बघतच राहिला.

"हे सगळे?" त्याने विचारलं.

"हे सगळे."

टाळ्यांच्या गजरात तो तिच्या कानाशी वाकला.

"दार लावलं ते बरं केलं त्याने," तो म्हणाला.